वसमतची हळद आणि पत्ता चुकलेले प्रथिन

१.
१ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टॉकहोमहून घोषणा झाली की, वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक गुंटर ब्लोबेल यांना देण्यात येत आहे. पेशीत तयार होणारी प्रथिने आपल्या मुक्कामाचा पत्ता स्वतःच्याच अंगावर घेऊन जन्माला येतात, हे त्यांनी दाखवून दिले होते. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. परंतु पुढच्या पाचच वर्षांत, हिंगोलीच्या शेतांत पिकणारा एक कंद या पत्त्यांच्या शास्त्रातील एका मोठ्या वादाच्या केंद्रस्थानी येऊन उभा राहिला. आजचा धागा त्या कंदाचा, म्हणजे हळदीचा, आणि पत्ता चुकलेल्या एका प्रथिनाचा.

२.
आधी मूळ प्रश्न समजून घेऊ. शाळेच्या पुस्तकातली पेशीची आकृती आठवा : बाहेर प्रद्रव्यपटल, आत केंद्रक, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी पिंड, तंतुकणिका. यांतील जवळजवळ प्रत्येक घटकाला स्वतःचे पटल असते आणि प्रत्येक पटलात विशिष्ट कामाची विशिष्ट प्रथिने रोवलेली असतात. मात्र बहुतेक सर्व प्रथिने घडतात एकाच प्रकारच्या कारखान्यात, रायबोसोमवर. एका पेशीत प्रथिनांचे अब्जावधी रेणू असतात. मग कोणत्या रेणूने कोणत्या पटलात जाऊन बसायचे, हे ठरवते कोण? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅमिल्लो गॉल्गी यांनी त्यांच्या नावाने ओळखला जाणारा पिंड पाहिला. तरी हा प्रश्न नीट विचारला जाण्यास आणखी सत्तर वर्षे लागली.

३.
हा प्रश्न टपाल खात्यालाही पडला होता, आणि योगायोगाने साधारण त्याच काळात. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या, अपुरे आणि चुकीचे पत्ते, यांवर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील वरिष्ठ मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी. हिंगोलीचा पिनकोड ४३१५१३. पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन आकडे वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन वाटप करणारे कार्यालय. वाटेतल्या कोणालाही पत्राचा मजकूर वाचावा लागत नाही. त्याच्या टप्प्यापुरता आकडा वाचला की पुरे.

४.
पेशीतील टपालाचा मार्ग प्रथम शोधला तो मूळचे रुमानियाचे जॉर्ज पॅलेड यांनी, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत. त्यांनी गिनिपिगचे स्वादुपिंड निवडले, कारण हा अवयव पाचक प्रथिने भरभरून बनवतो आणि बाहेर टाकतो. पॅलेड आणि जेम्स जेमिसन यांनी त्याच्या पेशींना काही मिनिटे किरणोत्सारी अमिनो आम्ले दिली आणि ती खूण असलेली प्रथिने कोणत्या क्षणी कुठे आहेत, हे सूक्ष्मदर्शकाखाली टिपले. आधी आंतर्द्रव्यजालिका, मग गॉल्गी पिंड, मग पटलाच्या लहान पिशव्या, आणि शेवटी पेशीबाहेर. रस्ता सापडला. १९७४ चे नोबेल पॅलेड यांना आल्बेर क्लोद आणि क्रिस्तियां द दूव यांच्यासह मिळाले. परंतु एखादे प्रथिन त्या रस्त्याला मुळात लागते कसे, हे अजून कोडेच होते.

५.
ब्लोबेल यांचा जन्म १९३६ चा, तत्कालीन जर्मनीच्या सायलेशिया प्रांतातला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कुटुंबासह पश्चिमेकडे पळताना या आठ वर्षांच्या मुलाने ड्रेस्डेन शहर पाहिले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत बॉम्बवर्षावात ते जळून गेले. पुढे नोबेलची रक्कम त्यांनी याच शहराच्या पुनर्उभारणीसाठी दिली. १९६७ मध्ये ते पॅलेड यांच्या प्रयोगशाळेत आले. १९७१ मध्ये डेव्हिड सबातिनी यांच्यासह त्यांनी एक कल्पना मांडली : बाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या आरंभीच अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा असावा, आणि तोच त्याला पटलाकडे नेत असावा. तेव्हा या कल्पनेच्या पाठीशी जवळजवळ कोणताही पुरावा नव्हता.

६.
पुरावा पुढच्याच वर्षी दुसरीकडून आला. १९७२ मध्ये केंब्रिजला सेझार मिल्स्टाइन आणि सहकाऱ्यांना प्रतिपिंडाच्या साखळीचे एक रूप मिळाले. नेहमीच्या रूपापेक्षा ते थोडे लांब होते आणि जास्तीचा तुकडा आरंभीच होता. १९७५ मध्ये ब्लोबेल आणि बर्नहार्ड डॉबरस्टाइन यांनी पेशी फोडून तिचे सुटे भाग परीक्षानळीत पुन्हा जोडले. संदेश उंदराच्या पेशीतला, रायबोसोम सशाचे आणि पटल कुत्र्याच्या स्वादुपिंडातले. तरीही प्रथिन बरोबर पटल ओलांडून आत गेले आणि त्याचा आरंभीचा तुकडा कापला गेला. तीन प्राणी, पण पत्त्याची लिपी एक.

७.
आज आपल्याला ही यंत्रणा अशी दिसते. रायबोसोममधून प्रथिनाचे टोक बाहेर येऊ लागते. या टोकाशी पाण्यापासून फटकून राहणाऱ्या अमिनो आम्लांचा एक पट्टा असतो, हाच संकेतक्रम. पेशीद्रवात फिरणारा एक कण त्याला पकडतो, प्रथिनाचे विणकाम मंदावते, आणि रायबोसोमसकट सगळा सरंजाम आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलावरील एका द्वाराशी नेला जातो. तिथे विणकाम पुन्हा वेग घेते आणि धागा द्वारातून आत सरकतो. ज्या प्रथिनांना पटलातच राहायचे असते, त्यांच्या साखळीत तसेच आणखी पट्टे असतात. ते द्वारात आले की बाजूला, पटलाच्या तेलकट थरात शिरतात आणि तिथेच रुततात. तंतुकणिकेसाठी निराळा संकेत, केंद्रकासाठी निराळा.

८.
इथपर्यंत गोष्ट सरळ आहे : पत्ता बरोबर असेल, तर पत्र पोहोचते. पण पेशीचे टपाल आपल्या टपालापेक्षा एका बाबतीत कडक आहे. आंतर्द्रव्यजालिकेत प्रत्येक प्रथिनाची तपासणी होते. लांब साखळीची घडी नीट बसली आहे की नाही, हे पाहण्यासाठी तिथे सहायक प्रथिने नेमलेली असतात. घडी चुकलेली असेल, तर पत्ता कितीही अचूक असो, ते प्रथिन पुढे सोडले जात नाही. त्याला धरून ठेवतात, आणि शेवटी मागे खेचून त्याचे तुकडे करतात. शरीराच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहे. परंतु एका आजारात हेच शहाणपण घातक ठरते.

९.
त्या आजाराचे नाव सिस्टिक फायब्रोसिस. ज्या बाळाचे कपाळ चुंबिताना खारट लागते ते फार काळ जगत नाही, अशी समजूत युरोपात जुन्या काळापासून होती. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या डोरोथी अँडरसन यांनी या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन केले. फुप्फुसात चिकट कफ साचतो, जंतुसंसर्ग पाठ सोडत नाही, स्वादुपिंडाच्या नलिका तुंबतात, खाल्लेले अंगी लागत नाही. अनेक दशके हा आजार झालेली मुले शाळेच्या वयापर्यंतही पोहोचत नसत. १९८९ मध्ये लॅप-ची त्सुई, जॉन रिओर्डन आणि फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या चमूंनी त्याचे जनुक शोधले. हे जनुक सीएफटीआर नावाचे प्रथिन घडवते. पेशीच्या बाह्य पटलात बसून क्लोराइडची ये-जा सांभाळणारे ते एक द्वार आहे.

१०.
हे प्रथिन १४८० अमिनो आम्लांचे. युरोपीय वंशाच्या बहुसंख्य रुग्णांत त्यातले एकच, ५०८ व्या जागेवरचे फिनाइलअॅलानिन, गळालेले असते. १९९० मध्ये सेंग चेंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, असे अपुरे प्रथिन तयार होते, पण बाह्य पटलापर्यंत पोहोचतच नाही. आंतर्द्रव्यजालिकेच्या तपासणीत अडकते आणि नष्ट होते. १९९२ मध्ये याहून विलक्षण गोष्ट पुढे आली. प्रयोगशाळेतील पेशींचे तापमान ३७ अंशांवरून पंचवीस-तीस अंशांपर्यंत उतरवले, की त्यातले काही प्रथिन सुटून पटलावर पोहोचते आणि तिथे थोडेफार कामही करते. याचा अर्थ ते अगदीच निकामी नव्हते. पोहोचले असते, तर उपयोगी पडले असते. मग प्रश्न असा उभा राहिला की, तापमान न उतरवता त्याला पोहोचवता येईल का?

११.
आता हळदीकडे वळू. तिच्यातला पिवळा रंगद्रव्य-अंश १८१५ मध्ये फोगेल आणि पेल्तिए यांनी वेगळा केला, हेच कुरकुमिन. त्याची रचना १९१० मध्ये निश्चित झाली. परंतु आधुनिक काळात हळद जगभर गाजली ती न्यायाच्या एका लढाईमुळे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ‘जखम भरण्यासाठी हळदीचा वापर’ या विषयावर पेटंट दिले. आपल्या घरांत पोळल्या-कापल्यावर पहिली धाव जिच्याकडे, त्या हळदीवर!

१२.
वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक तेव्हा रघुनाथ माशेलकर होते. जन्म गोव्यातल्या माशेलचा, शिक्षण मुंबईत, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची धुरा वाहिलेले. परिषदेने १९९६ मध्ये पेटंटच्या फेरतपासणीची मागणी केली. भावना दुखावल्याची तक्रार तिथे चालणार नव्हती. लागत होता तो लेखी पुरावा. संस्कृत, हिंदी आणि उर्दू ग्रंथांतील उल्लेख, तसेच भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेख सादर झाला. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने दावे फेटाळले. पारंपरिक ज्ञानावरील असे पेटंट एखाद्या विकसनशील देशाने आव्हान देऊन रद्द करविले, हे त्या काळी अपूर्व होते.

१३.
इथे क्षणभर थांबू, कारण इतिहासाच्या वाचकाने एक भेद ध्यानी ठेवला पाहिजे. १९९७ मध्ये नेमके काय सिद्ध झाले? हळदीचा हा उपयोग नवा नाही, एवढेच. हळदीने जखम भरते की नाही, किती आणि कोणत्या जखमा भरतात, हा प्रश्न त्या कार्यालयापुढे नव्हताच. वापराचे प्राचीनत्व आणि औषधाची परिणामकारकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे पुरावेही वेगळे असतात. पहिला पुरावा ग्रंथालयात मिळतो, दुसरा प्रयोगशाळेत आणि रुग्णालयात. लोकांच्या मनात मात्र त्या विजयानंतर दोन्ही एकच होऊन बसले.

१४.
अशा वातावरणात २३ एप्रिल २००४ चा ‘सायन्स’ या नियतकालिकाचा अंक आला. येल विद्यापीठातील मरी ईगन, मायकेल कॅप्लन आणि टोरोंटोतील सहकाऱ्यांचा त्यात एक शोधनिबंध होता : कुरकुमिन दिल्याने अडकलेले सीएफटीआर सुटते आणि पेशीच्या पटलावर पोहोचते. तर्क सुबक होता. तपासणी करणाऱ्या काही सहायक प्रथिनांना काम करण्यासाठी कॅल्शियम लागते. आंतर्द्रव्यजालिकेत कॅल्शियम भरणाऱ्या पंपाला कुरकुमिन आवर घालते. कॅल्शियम घटले की तपासनिसांची पकड सैल होते आणि प्रथिन निसटते. पेशींत परिणाम दिसला होता; हा जनुकीय दोष असलेल्या उंदरांतही दिसला होता.

१५.
या बातमीने काय झाले असेल, याची कल्पना करा. ज्या आजारावर मुळावर घाव घालणारे एकही औषध नव्हते, त्यावर स्वयंपाकघरातल्या डब्यातून उपाय निघणार होता, तोही स्वस्त आणि शतकानुशतके खाल्ला जाणारा. पालक आशेने हळदीच्या गोळ्यांकडे पाहू लागले. तज्ज्ञांनी संयमाचा सल्ला दिला : उंदरांवरचे निष्कर्ष माणसांवर तसेच्या तसे लागू पडत नाहीत, तेव्हा स्वतः होऊन प्रयोग करू नका. आणि जगभरच्या प्रयोगशाळा शास्त्राचा सर्वांत जुना नियम पाळू लागल्या. दुसऱ्याने केलेला प्रयोग स्वतः करून पाहायचा.

१६.
त्याच वर्षाच्या आत उत्तरे आली, आणि ती निराश करणारी होती. सॅन फ्रान्सिस्को येथील अॅलन व्हर्कमन यांच्या गटाने इटलीतील सहकाऱ्यांसह अनेक प्रकारच्या पेशी आणि उंदीर तपासले; कुरकुमिनमुळे अडकलेले प्रथिन पटलावर पोहोचल्याचे त्यांना आढळले नाही. इतर गटांनाही मूळ निष्कर्ष मिळेना. पुढच्या वर्षी एवढेच दिसले की, जे सीएफटीआर आधीच पटलात बसले आहे, त्याचे द्वार प्रयोगशाळेत कुरकुमिनने अधिक उघडते. म्हणजे मुक्कामी पोहोचलेल्याला थोडी चालना मिळते, पण वाटेत अडकलेल्याची सुटका होत नाही. शिवाय खाल्लेले कुरकुमिन रक्तात अत्यल्प उतरते, हीही अडचण होतीच.

१७.
यात कोणी खलनायक नव्हता. मूळ निबंध गंभीर संशोधकांचा होता, त्याची चिकित्सा करणारेही तितकेच गंभीर. त्याच काळात हजारो रसायने एकामागून एक पेशींवर टाकून, कोणते रसायन प्रथिनाची घडी सुधारते हे शोधण्याचे कष्टाचे काम दुसरीकडे चालू होते. त्यातून २०१५ मध्ये लुमाकाफ्टर हे औषध दुसऱ्या एका औषधाच्या जोडीने अमेरिकेत मान्य झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये तीन औषधांचा एकत्रित उपचार मान्य झाला. त्यातली दोन औषधे प्रथिनाची घडी सावरून त्याला पटलापर्यंत पोहोचवतात. तिसरे तिथे गेल्यावर द्वार उघडे ठेवते. फुप्फुसांची क्षमता लक्षणीय सुधारली. पॅलेड यांच्या गिनिपिगपासून सुरू झालेली वाट अखेर रुग्णाच्या उशापर्यंत आली.

१८.
पण ती सर्वांच्या उशापर्यंत आली नाही. अमेरिकेत त्या उपचाराची सुरुवातीची किंमत वर्षाला तीन लाख डॉलरहून अधिक होती. भारतात तर दीर्घकाळ हा गोऱ्यांचा आजार मानला गेला. वारंवार होणारा न्यूमोनिया, वाढ खुंटणे, तेलकट शौच ही लक्षणे क्षय किंवा कुपोषण समजून सोडून दिली गेली. आजार इथेही आहे, निदान मात्र कमी होते. शिवाय भारतीय रुग्णांत ५०८ व्या जागेचा दोष युरोपीयांपेक्षा कमी प्रमाणात आढळतो; म्हणून तिकडे बेतलेले औषध इथल्या प्रत्येकाला लागू पडेलच असे नाही. निदानाची मुख्य चाचणी मात्र आजही घामातल्या क्लोराइडची आहे. जुन्या युरोपातल्या आयांनी ओठांनी ओळखलेली खूण ती हीच.

१९.
आणि हळद? २०१७ मध्ये कॅथरिन नेल्सन, मायकेल वॉल्टर्स आणि सहकाऱ्यांनी कुरकुमिनवरील संशोधनाचा मोठा आढावा घेतला. हा रेणू अस्थिर आहे, शरीरात फारसा शोषला जात नाही, आणि अनेक चाचण्यांत तो यंत्रणेलाच फसवून ‘परिणाम झाला’ असा आभास निर्माण करतो, असे त्यांचे म्हणणे होते. शंभराहून अधिक वैद्यकीय चाचण्या होऊनही एखाद्या आजारावर तो निर्विवाद गुणकारी ठरलेला नाही, हाही त्यांचा निष्कर्ष. संशोधन थांबलेले नाही. मात्र ‘हळद सगळ्यावर चालते’ हे वाक्य शास्त्राचे नाही.

२०.
यामुळे हिंगोलीच्या शेतकऱ्याचे काही बिघडते का? वसमत, औंढा, कळमनुरीच्या काळ्या जमिनीत आठ-नऊ महिने हळद सांभाळणारा, ती काढून शिजवणारा, दिवसचे दिवस उन्हात वाळवून पॉलिश करून हळकुंडे मोंढ्यात नेणारा शेतकरी रंग, चव आणि टिकाऊपणा विकतो. त्याच्या कष्टाला खोट्या चमत्काराच्या टेकूची गरज नाही. उलट अतिरंजित दाव्यांवर उभी राहिलेली मागणी एखाद्या बातमीसरशी कोसळू शकते. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. ते मानांकन एवढेच सांगते की, हा माल या मातीतला आहे आणि त्याचे हे गुणविशेष आहेत. जेवढे सिद्ध झाले तेवढेच ते सांगते, म्हणून त्याला किंमत आहे.

२१.
या सर्व कथेतला समान धागा पुराव्याचा आहे. ब्लोबेल यांची कल्पना १९७१ मध्ये केवळ कल्पना होती. परीक्षानळीतल्या प्रयोगांनी ती टिकली. येलची कल्पनाही तितकीच सुंदर होती. इतरांनी करून पाहिली तेव्हा ती टिकली नाही. १९९७ मध्ये आपण अमेरिकेच्या कार्यालयाला म्हणालो, कागद पाहा आणि निर्णय द्या. त्यांनी कागद पाहिले आणि स्वतःचा निर्णय फिरवला. मग २००४ नंतरचे कागद आपल्या बाजूचे नाहीत म्हणून ते न पाहण्याची मुभा आपल्याला उरत नाही.

२२.
जाता जाता एक विनंती. हळदीने अमुक आजार बरा होतो, असा संदेश तुमच्या हाती आला, तर पुढे धाडण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा : हे प्रथम कोणी दाखवले, आणि दुसऱ्या कोणाला तेच आढळले का? आणि ओळखीच्या एखाद्या बाळाला सतत खोकला असेल, वजन वाढत नसेल आणि त्याचा घाम विलक्षण खारट लागत असेल, तर त्याच्या आईवडिलांना घामाच्या चाचणीविषयी बालरोगतज्ज्ञांना विचारायला सांगा. तेवढ्यानेही एखाद्या मुलाचा उपचार वेळेवर सुरू होऊ शकतो.

धागा समाप्त.